आत्याच्या मनातलं

फोनुआमोतु, हापाई बेटं
६ फेब्रुवारी १९८८

प्रिय आत्या,

तुमच्या पायाशी बसून बोलते आहे असं समजा. पत्राला उशीर झाला. बोट बारा दिवस आली नाही, आणि आली तेव्हा मला दोन ओळी सुचेनात.

या बेटावर येऊन मला सात महिने झाले. तीनशे माणसं, एक दवाखाना आणि त्यात मी एकटी नर्स. डॉक्टर मोठ्या बेटावर, लाँचनं चार तास. 'माझ्या भावाची लेक एकटी एक बेट सांभाळते' असं तुम्ही सिडनीत सगळ्यांना सांगता, हे माझ्या कानावर आलंय. म्हणून जे झालं ते तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको.

अठरा जानेवारीला सिआले नावाची बाई बाळंत झाली. चौथं मूल. मूल चांगलं झालं, लगेच रडलं. वार मात्र अर्धीच आली आणि रक्त थांबेना. रेडिओवर डॉक्टर म्हणाले, "लाँच निघते आहे." लाँच निघाली, पण समुद्र इतका खवळलेला की बेटाभोवतीच्या खडकांच्या आत येता येईना. मी पोटावरून गर्भाची पिशवी मुठीत दाबून साडेतीन तास बसले. तिची आई कोपऱ्यात बसून गीत म्हणत होती. सिआले मला म्हणाली, "सिस्टर, थोडा वेळ सोडा ना. हात दुखत असतील तुमचे." त्यानंतर ती बोलली नाही.

मला कुणी बोल लावला नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्यानं कोनफळांची टोपली दारात आणून ठेवली. त्यापेक्षा त्यानं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेव्हापासून डोळ्याला डोळा लागत नाही. सिरिंज भरताना हात थरथरतात. मोठ्या बेटावरच्या सिस्टर म्हणाल्या, "काही महिने इकडे वॉर्डात ये, चारचौघींत राहा." अर्ज करू का? बाबा गेल्यापासून तुमच्या शब्दाबाहेर मी काही केलेलं नाही.

तुमची,
लुपे

०

सिडनी
१४ मार्च १९८८

चिरंजीव लुपेस,
आशीर्वाद.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. सिआलेसाठी प्रार्थना केली. आता माझं ऐक.

मी छत्तीस वर्षं पांढरा गणवेश घातला. माझ्या हातांवर किती जीव गेले ते त्या वरच्यालाच ठाऊक. तू म्हणतेस झोप येत नाही. आम्हालाही येत नव्हती, कारण झोपायला वेळ नव्हता! इथं माझी सून म्हाताऱ्यांच्या आश्रमात स्वैपाकाला जाते. तिथल्या नर्सबाया दर गुरुवारी गोल करून बसतात, बिस्किटं खातात आणि आपल्याला किती ताण आहे ते एकमेकींना सांगतात. घरी जाताना तोंडं आणखी उतरलेली. सून म्हणते, "पण आई, बिस्किटं चांगली असतात हां." हा ताण म्हणजे काय ते मला अजून समजलेलं नाही. आपल्या घरात दोनच गोष्टी होत्या, विश्वास असणं आणि विश्वास कमी पडणं.

तुझे हात थरथरतात, कारण तू ते स्वतःचे समजतेस. ते प्रभूचे आहेत. पहाटे चारला उठून गुडघे टेक. बुधवारी उपास धर. बदलीचा अर्ज मुळीच करू नकोस. बेटावरून पळून आलेली पोर म्हणून तुझ्या बापाचं नाव निघायला नको.

तुझं पत्र महिला मंडळात वाचून दाखवलं. हातांचं तेवढं गाळलं. सगळ्या बायका रडल्या. ओफाच्या आईनं तर तुझ्यासाठी फलाणीन, ते ऊबदार कापड, विकत घेऊन ठेवलीय.

आत्या कलोलाइने

०

फोनुआमोतु
२० एप्रिल १९८८

प्रिय आत्या,

अर्ज केला नाही. पहाटे चारला उठते. उठते म्हणजे काय, जागीच असते. बुधवारी उपास धरला. फरक पडेना म्हणून शुक्रवारही धरला.

हात तसेच आहेत. गेल्या आठवड्यात एका पोराला इंजेक्शन देताना सुई दोनदा चुकली. पोर रडलं, त्याच्याबरोबर मीही रडले. त्याची आई पोराला उचलून म्हणाली, "राहू दे सिस्टर, आम्ही पाला बांधतो." आता बायका बाळंतपणाला म्हाताऱ्या सुईणीकडेच जातात.

आत्या, एक विचारायचं आहे. रागावू नका.

पाण्याच्या टाकीपाशी सिआलेची आई भेटली. ती मायेनंच बोलली. म्हणाली, "पोरी, तुझी आत्या तुझ्यावर नाराज आहे का गं? बापाच्या बहिणीच्या मनात काही असलं ना, की भाचीच्या हाताला यश येत नाही. विचारून घे. मी माझ्या आत्याला विचारलं होतं, तेव्हा कुठं माझं दुसरं मूल जगलं."

मी हसून सोडून दिलं. घरी आले आणि मला बाबांची मयत आठवली. तुम्ही सिडनीहून आला होता. मयताच्या डोक्याशी, मानाच्या चटईवर बसला होता. रिवाजाप्रमाणे तुमच्या हातून आम्हा पोरांचे केस कापायचे होते. भावांचे कापले. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "आत्या, आठ दिवसांनी नर्सची टोपी मिळायची आहे, फोटो आहे. नंतर कापले तर?" तुम्ही कात्री खाली ठेवली आणि काहीच बोलला नाहीत. त्यानंतरही कधी बोलला नाहीत.

तो राग अजून तुमच्या मनात आहे का? मला मान्य आहे, चूक माझी. फक्त एक ओळ लिहा. 'राग नाही' एवढंच. मग माझे हात थांबतील असं मला फार वाटतं.

तुमची,
लुपे

०

सिडनी
२ जून १९८८

चिरंजीव लुपेस,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मला लाज वाटली. शिकली-सवरलेली नर्स तू, ख्रिस्ती मंडळीत वाढलेली, आणि टाकीवरच्या बायकांचं ऐकून शापाबिपाच्या गोष्टी करतेस? उद्या पोरांच्या गळ्यात शंखशिंपले बांधायला लागशील. आपले आजे-पणजे ज्या अंधारातून बाहेर आले तिथं परत जाऊ नकोस.

मी नाराज आहे की नाही हे तू मला विचारतेस. ते तू स्वतःच्या मनाला विचार. ज्याचं मन स्वच्छ असतं त्याला असं विचारावं लागत नाही.

उपास चालू ठेव. खोक्यात फलाणीन, डब्यातलं मांस आणि नवं गीतांचं पुस्तक पाठवलं आहे. पत्रात चांगलं काही लिहीत जा, मंडळातल्या बायका वाट पाहतात.

आत्या कलोलाइने

०

फोनुआमोतु
१५ ऑगस्ट १९८८

प्रिय आत्या,

खोकं पोचलं. फलाणीन फार मऊ आहे. बायकांना माझे आभार सांगा.

तुमचं बरोबर होतं, मी मनाला विचारलं. आता सगळं ठीक आहे. या महिन्यात दोन बाळंतपणं सुखरूप झाली, दोन्ही मुली. गायनवृंद नवीन गीत बसवतो आहे. पाळकसाहेबांनी रविवारी उपदेशात माझं नाव घेतलं, म्हणाले की उपास कसा करावा ते या सिस्टरकडून शिका. हवा छान आहे. कलिंगडं भरपूर आली आहेत.

मी केस कापले. सगळे, मुळापासून. इथं गरम होतं ना.

हात आता बरे आहेत. अक्षर वाकडं दिसलं तर टेबल डगमगतं म्हणून.

तुमची,
लुपे

०

सिडनी
९ सप्टेंबर १९८८

चिरंजीव लुपेस,
अनेक आशीर्वाद.

बघ! मी म्हटलं नव्हतं? तुझं पत्र मंडळात वाचलं, या वेळी काहीही न गाळता. पाळकसाहेबांनी उपदेशात नाव घेतलं हे तर मी दोनदा वाचून दाखवलं. ओफाच्या आईनं विचारलं, "एवढी गुणी पोर तुम्ही घडवलीत तरी कशी?" मी म्हटलं, "लाड केले नाहीत, आणखी काय?"

केस कापलेस ते बरं केलंस. टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा घाल.

आत्या कलोलाइने

०

पाळकांचं घर, फोनुआमोतु
३ नोव्हेंबर १९८८

आदरणीय कलोलाइनेबाई,
प्रभूच्या नावात सलाम.

आपली ओळख नाही. मी इथल्या पाळकांची पत्नी, अनासेइनी. लुपेविषयी लिहिते आहे. तिचा जीव वाचला आहे, हे आधी सांगते.

एप्रिलपासून लुपेनं एकही बाळंतपण केलेलं नाही. तिनं तुम्हाला वेगळं कळवलं असेल. तिच्या खोलीत तुमची पत्रं सापडली, त्यांवरून तसं वाटलं. जुलैपासून दवाखाना बहुतेक बंदच असायचा. ती पहाटेपासून देवळात गुडघ्यावर बसलेली असे. आठवड्यातले चार दिवस उपास. ऑगस्टमध्ये एकदा मी तिच्यासाठी अळूच्या पानांत बांधलेलं मांस नेलं. "आज नको हो," म्हणाली, "अजून उत्तर आलेलं नाही." मला वाटलं, देवाकडून. ती भक्तीत बुडाली असं आम्ही सगळेच समजलो. माझ्या नवऱ्यानं उपदेशात तिचा दाखला दिला आणि मी पहिल्या बाकावर बसून मान डोलावली.

गेल्या महिन्यात एका सकाळी कोळ्यांना ती किनाऱ्यापाशी कमरेएवढ्या पाण्यात उभी दिसली. अंगात गणवेश. पुढंही जात नव्हती, मागंही येत नव्हती. त्यांनी विचारलं, "सिस्टर, काय करताय?" ती म्हणाली, "हात धुतेय." भरती चढत होती. त्यांनी उचलून होडीत घेतलं तेव्हा तिचं वजन बारा वर्षांच्या पोरीएवढं भरलं असेल.

तिला राजधानीतल्या इस्पितळात नेलं. तीन आठवडे तिथं होती. आता तिथंच, नुकुअलोफात, मामाकडे आहे. मामाची बेकरी आहे. मी जाऊन आले. ती खाते, झोपते, बोलत फारसं नाही. मला एकच विचारलं, "बोटीनं आत्यांची एक ओळ आली का?"

कुठली ओळ ते मला माहीत नाही. तुम्हाला माहीत असेल तर, बाई, लवकर लिहा.

आपली,
अनासेइनी

०

सिडनी
२१ नोव्हेंबर १९८८

लुपे, माझ्या बाळा,

राग नाही.

राग कधीच नव्हता. हे मी जूनमध्येच लिहायला हवं होतं. तेव्हा पेन हातात होतं आणि ही ओळ लिहायला किती वेळ लागला असता?

त्या दिवशी मी कात्री खाली ठेवली, कारण मला तुझं कौतुक वाटलं. बापाच्या मयतीत, सगळ्या घरासमोर, आत्याला थांबवण्याची छाती तुझ्यात होती. मला वाटलं, ही नर्स होणार, खरी नर्स. पण आत्यानं असं तोंडानं म्हणायचं नसतं, असं मी समजत होते. आणि नंतर तू घाबरून राहिलीस ते मला बरंच वाटलं. घाबरलेलं माणूस सरळ चालतं, असा माझा समज. तू विचारलंस तेव्हाही मी तो धाक तसाच ठेवला. शापावर विश्वास नाही असं म्हणत तुला झापलं आणि त्या शापाचंच काम करून घेतलं.

आता जे कुणालाच सांगितलेलं नाही ते सांगते. तुझ्या बापालाही माहीत नव्हतं.

मी सत्तावीस वर्षांची होते. मुलांच्या वॉर्डात डांग्या खोकल्याची साथ आली. अकरा दिवसांत नऊ पोरं गेली. दहाव्याला मी हातात धरलं होतं. ते खोकायचं थांबलं, आणि ते बरं झालं की गेलं हेच मला कळेना. मी त्याला खाटेवर ठेवलं, चादरींच्या खोलीत गेले आणि आतून कडी लावली. दोन दिवस उघडली नाही. मेट्रननं दार ठोठावलं, पाळकांनी बाहेरून प्रार्थना म्हटली. मी आत चादरींच्या ढिगाखाली.

मग कुणीतरी माझ्या आत्याला आणलं. तुझ्या आजोबांची बहीण, टोंगामाना. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. ती दाराबाहेर जमिनीवर बसली आणि म्हणाली, "कलो, तुझ्या-माझ्यात काही नाही. मी आत येऊ का?" एवढंच. मी कडी काढली. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, मला घरी नेलं, आणि मी सहा दिवस झोपले. ती मला उठवून भरवायची आणि परत निजवायची. पहाटेची प्रार्थना नाही, उपास नाही. शेजारणीनं विचारलं की पोर आजारी आहे का. टोंगामाना म्हणाली, "दमलीय."

त्यानंतर मी आणखी बरीच वर्षं काम केलं. लोकांना सांगताना मी विश्वासाच्या जोरावर असं सांगत आले. ते सहा दिवस गाळले. जे मला मिळालं होतं ते तुला द्यायची वेळ आली तेव्हा मी तुला बुधवारचा उपास दिला.

जानेवारीत येते आहे. तिकीट काढलं.

आत्या

०

नुकुअलोफा
१२ जानेवारी १९८९

प्रिय अनासेइनी,
सलाम.

तुम्ही नंतरच्या पत्रात म्हणाला होता, भेट झाली की कळवा. कळवण्यासारखं थोडंच आहे, पण तुमच्याशिवाय ते मी कुणाला सांगू?

लुपे मला घ्यायला आली नाही, मामा आला. ती घरी होती, कमरेला चटई बांधून, मोठ्यांसमोर बांधतात त्या रीतीप्रमाणे. केस थोडे वाढलेत, कान झाकतील इतके. मला मानाच्या जागी बसवलं, स्वतः दारापाशी खाली बसली. चहा दिला. कपबशी वाजत होती. मी बघत होते, ती बघत नव्हती.

मी म्हटलं, "पत्र मिळालं?"

"मिळालं."

"वाचलंस?"

"पाठ आहे."

"मग?"

तिनं कमरेच्या चटईची कड सरळ केली. मग म्हणाली, "आत्या, डोक्याला पटलंय. हातांना अजून कुणी सांगितलेलं नाही."

मला राहवलं नाही. मी त्या मानाच्या जागेवरून उठले आणि तिच्याशेजारी जमिनीवर जाऊन बसले. आपल्यात असं कुणी आत्या करत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. मला वाटलं, ती रडेल, गळ्यात पडेल. ती इतकी घाबरली, अनासेइनी! "नाही, नाही, वर बसा," म्हणत उठली आणि मागच्या दारानं बेकरीत गेली. मामा म्हणाला, "ताई, तिला जरा सवड द्या." माझ्या धाकट्या वहिनीचा भाऊ मला शिकवतो आणि मी ऐकून घेते, अशी वेळ आली.

दुसऱ्या दिवशी मी विचारून तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिनं ठेवू दिला. पण कशी बसली होती सांगू? इंजेक्शन घेणारं शहाणं मूल बसतं तशी. हलली नाही, डोळे मिटून, कधी संपतंय याची वाट बघत. टोंगामानाचा हात माझ्या डोक्यावर आला होता तो दोन दिवसांनी. माझा आला तिनं विचारल्यावर नऊ महिन्यांनी. हात तसाच, पण वेळ निघून गेली होती.

तिनं नोकरीचा राजीनामा दिला आहे. मी थांब म्हटलं नाही. ती सकाळी बेकरीत कणीक मळते. मामा म्हणतो, मळताना हात थरथरत नाहीत, बाकी वेळी थरथरतात. फोनुआमोतुचा दवाखाना अजून कुलपात आहे असं कळलं. सिआलेचं बाळ चालायला लागलं का हो? लुपेनं विचारायला सांगितलं नाही, मीच विचारते.

निघताना ती विमानतळावर आली. मी पुन्हा काही सांगायला लागले, की सिडनीला चल, तिथं चांगले डॉक्टर आहेत, बोलून बरं वाटतं म्हणतात. ती मान खाली घालून ऐकत होती. मग पहिल्यांदाच माझं बोलणं तोडून म्हणाली, "आत्या, मला पत्रात काही सांगू नका. तुम्ही काय जेवलात तेवढं लिहा."

मी म्हटलं, "त्यात काय लिहायचं?"

ती म्हणाली, "तेच वाचवतं मला. बाकीचं वाचवत नाही."

विमानाला उशीर झाला आहे. इथंच बाकावर बसून लिहिते आहे.

आपली,
कलोलाइने

०

सिडनी
२ फेब्रुवारी १९८९

लुपेस,

सकाळी पाव आणि चहा. पाव मामाच्या बेकरीसारखा नाही, दाबला की दाबलेलाच राहतो. दुपारी सुनेनं अळकुड्या उकडल्या आणि डब्यातला मासा कांदा घालून परतला. मीठ जास्त झालं होतं. नातवानं ताट सरकवलं, मी खाल्लं. चार वाजता अर्धं कलिंगड.

संध्याकाळी भूक नव्हती. तरी थोडा भात खाल्ला, तुला लिहायचं होतं म्हणून.

आत्या